सूर्याचा रोजचा अंदाज आणि भोपाळचे आकाश

सूर्यावर काय चालले आहे आणि त्याचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर काय परिणाम होईल, याचा अंदाज पावसाच्या अंदाजासारखाच रोज काढला जातो. सौरडाग मोजले जातात आणि त्यांच्या गटांतील चुंबकीय गुंतागुंत पाहिली जाते. १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवरचे सूर्याचे रेडिओ प्रारणही नोंदवले जाते. कॅनडात ही नोंद १९४७पासून चालू आहे. सौरज्वालांची प्रतवारी क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून ए, बी, सी, एम, एक्स अशी चढत जाते आणि प्रत्येक वर्ग आधीच्यापेक्षा दहापट तीव्र असतो. ज्वालेचे किरण आठ-साडेआठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात आणि ती दिसते तेही त्याच वेळी. त्यामुळे ज्वालेची आगाऊ सूचना देता येत नाही, फक्त शक्यता टक्क्यांत सांगता येते.

सूर्याच्या किरीटातून उसळलेल्या द्रव्याची गोष्ट वेगळी. त्याला पृथ्वी गाठायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, म्हणून वादळाची चाहूल आधी लागते. मात्र त्या द्रव्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल, तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोरात भिडते. ही दिशा कळते ती द्रव्य पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी आल्यावर. ६ जानेवारी २०२४ रोजी तिथे पोहोचलेले भारताचे ‘आदित्य-एल१’ यान हीच मोजणी करते. तिथून हाताशी उरतो तो बहुधा तासाभराहूनही कमी वेळ. अंदाजाची खरी दुबळी बाजू हीच.

वादळाची तीव्रता केपी या ० ते ९च्या निर्देशांकाने सांगतात. दर तीन तासांनी काढला जाणारा हा आकडा जगभर वापरला जातो, पण ज्या तेरा वेधशाळांवरून तो निघतो त्यांतली एकही भारतात नाही. त्या मध्यम अक्षांशांवर आहेत. भारतीय अक्षांशांवरची हालचाल पाहायची तर अलिबागच्या नोंदी अधिक जवळच्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४पासून अलिबागला हलवण्यात आले. त्याच कुलाब्याने सप्टेंबर १८५९च्या महावादळात क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदवली होती.

भोपाळची स्थिती आणखी खास आहे. कर्कवृत्त शहराच्या थोडे उत्तरेने, विदिशेच्या वाटेवर जाते. आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणारे चुंबकीय विषुववृत्त. दिवसा तिथला विद्युतभारित वायू वर उचलला जातो आणि कारंज्याच्या पाण्यासारखा दोन्ही बाजूंना, चुंबकीय अक्षांशाने सुमारे १५ अंशांवर उतरतो. भोपाळ या दाट पट्ट्याच्या शिखराजवळ येते. म्हणूनच इथल्या बरकतउल्ला विद्यापीठात आयनोसोंड (रेडिओ लहरींनी आयनांबर तपासणारे यंत्र) आणि जीपीएस ग्राहक यांच्या साहाय्याने आयनांबराचा अभ्यास झाला, आणि ‘गगन’ या विमानमार्गदर्शन प्रणालीसाठी इलेक्ट्रॉनांची मोजणी करणाऱ्या केंद्रांतही भोपाळ होते.

वादळाच्या सुरुवातीला वरून झिरपणारे विद्युतक्षेत्र दिवसा हे कारंजे उंचावते. काही तासांनी ध्रुवांकडून बदललेले वारे त्याला दाबतात. परिणामी केपी ७ असलेली दोन वादळे भोपाळवर अगदी उलट परिणाम करू शकतात. एक इलेक्ट्रॉन वाढवेल, तर दुसरे घटवेल. हे सारे ठरते ते वादळ इथल्या कुठल्या प्रहरी सुरू झाले यावर. जागतिक आकडा पाहून स्थानिक निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे.

सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, चुंबकीय विषुववृत्तावर विरळ वायूचे बुडबुडे वर चढतात. पुरेसे उंच गेले तर त्यांच्या शाखा भोपाळपर्यंत पसरतात आणि उपग्रहांचे संकेत लुकलुकू लागतात. संकेताच्या वाटेवर इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकी जीपीएसची चूक मोठी: इलेक्ट्रॉनसंख्येच्या मोजमापाच्या एका एककामागे सुमारे १६ सेंटिमीटर. सूर्य सर्वाधिक सक्रिय असतो त्या काळात शिखरपट्ट्यात ही एकके शंभरावर जातात, म्हणजे चूक सोळा मीटरच्या घरात.

‘गगन’ला २०१५मध्ये विमान उतरवण्याच्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली. देशभर ठरवलेल्या बिंदूंवर ती आयनांबरामुळे होणारी चूक आणि त्या चुकीची कमाल मर्यादा सतत प्रसारित करते. आयनांबर फार अस्वस्थ झाले की ही मर्यादा रुंदावते आणि वैमानिकाला त्या वेळेपुरती उतरण्याची दुसरी पद्धत वापरावी लागते.