अक्षरफलकावर ‘मराठी शाळा’

झेरॉक्सच्या यंत्रावर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर हिरवट वा निळ्या प्रकाशाची एक चिमुकली चौकट आपण सर्वांनी पाहिली असेल. तीत इंग्रजी अक्षरांच्या एकदोन ओळी उमटतात व पुसल्या जातात. ही अक्षरे तेथे येतात कशी, हे स्वतः करून पाहावे, असे आम्ही विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांनी यंदा ठरविले. शाळेच्या प्रदर्शनात दाराशी असा एक फलक ठेवावा व त्यावर ‘मराठी शाळा’ हे दोन शब्द झळकावेत, एवढीच आमची मनीषा होती. आपल्या बडोद्यात बाजारातल्या पाट्या गुजरातीत आणि यंत्रांवरची अक्षरे इंग्रजीत असतात. निदान आपल्या शाळेच्या दारी तरी एखाद्या यंत्राने मराठीत बोलावे, असे आम्हांस वाटले.

याकरिता आम्ही ‘आर्डुइनो ऊनो’ हा बोर्ड घेतला. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी झाला. हौशी व विद्यार्थी यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत, हा त्याचा हेतू. तळहातावर मावणाऱ्या या पट्टीवर एक छोटा संगणकच असतो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम तो स्वतःजवळ साठवितो व वीज मिळताच आज्ञा पाळू लागतो.

आता फलकाकडे वळू. यावर १६ घरांच्या २ ओळी, म्हणजे ३२ घरे असतात. प्रत्येक घरात ५ उभे स्तंभ व ८ आडव्या ओळी, मिळून ४० ठिपके. सर्व फलकाचे ठिपके झाले १२८०. इतक्या ठिपक्यांना एकेक तार जोडू लागलो तर आयुष्य पुरावयाचे नाही! म्हणून फलकाच्या पाठीशी एक चिप बसविलेली असते. जपानच्या हिताची कंपनीने काढलेल्या ‘एचडी ४४७८०’ या चिपची पद्धत आजही बहुतेक फलक पाळतात. ही चिप म्हणजे जणू छापखान्यातील जुळारी. आपण केवळ अक्षराचा क्रमांक सांगावा. त्याचे ठिपके कोणते, हे ती आपल्या साठ्यातून काढून जुळविते.

फलकाला १६ पिना असतात. पहिली ऋण टोकाला व दुसरी ५ व्होल्टला जोडावयाची. तिसरी अक्षरांचा गडदपणा ठरविते. तिला १० किलोओमच्या पोटेन्शिओमीटरचे मधले टोक जोडतात. चौथीवरून, येणारा अंक अक्षराचा आहे की आज्ञेचा, हे चिपला कळते. पाचवी ऋण टोकालाच जोडली, कारण आपल्याला फलकावर लिहावयाचे आहे, वाचावयाचे नाही. सहावी म्हणजे दारावरची टकटक : तिच्यावर विजेचा ठोका पडला की चिप समोरचा अंक उचलते. सातवी ते चौदावी या ८ पिनांवरून अंक जातो. पंधरावी व सोळावी मागच्या दिव्याच्या. तेथे २२० ओमचा रेझिस्टर घालणे बरे.

अंकाच्या ८ पिनांपैकी शेवटच्या ४ जोडल्या तरी काम भागते. इंग्रजी ‘ए’ चा क्रमांक ६५. द्विमान पद्धतीत तो ०१०००००१ असा लिहितात. चिपला आधी ०१०० व मग ०००१ असे दोन घास द्यावयाचे. यात वेळ थोडा अधिक जातो, पण चार तारा वाचतात. एक अक्षर मांडावयास चिपला सुमारे ४० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत आर्डुइनोच्या घड्याळाचे सहाशेहून अधिक ठोके पडतात. म्हणून त्याला क्षणभर थांबावेच लागते.

जोडणी झाली, वीज दिली, दिवा लागला. पण फलक कोरा! आम्ही तासभर तारा उपटल्या, पुन्हा खोवल्या. फलकच बिघडलेला आला, असा निकालही देऊन टाकला. अखेर आमच्यातील एकीने पोटेन्शिओमीटर सहज फिरविला आणि अक्षरे धुक्यातून यावीत तशी वर आली. दोष तारांचा नव्हता, गडदपणाचा होता. तेव्हापासून आमचा नियम असा : कोऱ्या फलकावर प्रथम गडदपणा पाहावा. वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसले, तर फलकाला वीज मिळते आहे पण आज्ञा पोचत नाहीत, असे समजून तारा तपासाव्यात.

खरी अडचण पुढेच होती. आमच्या चिपच्या साठ्यात इंग्रजी अक्षरे होती, जपानी काताकाना होती, येन नाण्याचे चिन्हही होते. देवनागरी मात्र एकही अक्षर नव्हते. तथापि चिपने ८ घरे रिकामी ठेवलेली असतात. त्यांत आपण आपली चिन्हे रेखाटावीत. ‘मराठी शाळा’ला म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, श व ळ अशी सातच चिन्हे लागतात, कारण काना तीनदा तोच येतो. आमचा जीव भांड्यात पडला!

मग चौकटीच्या वहीत अक्षरे गिरविली. वेलांटीला जागा हवी म्हणून वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडल्या व तिसऱ्या ओळीत शिरोरेषा ओढली. स्तंभांच्या किमती डावीकडून १६, ८, ४, २, १ अशा धरून पेटलेल्या ठिपक्यांची बेरीज करावयाची. ‘म’ चे अंक आले : ०, ०, ३१, ९, ९, १५, २५, १. ‘श’ने सर्वांत अधिक छळले, त्याचे वळण पाच ठिपक्यांत बसेना. शिवाय दोन घरांमध्ये बारीक फट असते, त्यामुळे शिरोरेषा तुटक दिसते. तिला उपाय नाही.

ही चिन्हे वीज जाताच पुसली जातात. म्हणून प्रोग्रॅमच्या आरंभीच ती चिपकडे पाठवावी लागतात. ती पाठविल्यावर कर्सर पहिल्या घरी आणावयास विसरू नये, नाहीतर पुढची अक्षरे फलकावर उमटत नाहीत. प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी वीज गेली, तेव्हा आमच्या छातीत धस्स झाले. ती परत आली आणि क्षणार्धात तुटक्या शिरोरेषेचे ते दोन शब्द पुन्हा उभे राहिले.

आठांपैकी एक घर अद्याप रिकामे आहे. त्यात कोणते अक्षर घालावयाचे, ते पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी ठरवावे.