तळ्यात सोडलेला मासा नेमका कुणाचा? अमेरिकेत खुणेसाठी कायद्याची मागणी

धरणात मत्स्यबीज सोडल्याची बातमी आम्ही दरवर्षी देतो. इतके लाख बोटुकली सोडली, अमुक साहेब उपस्थित होते, सोबत फोटो. त्यातली जगली किती, जाळ्यात आली किती, हे पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. मी कॉमर्सचा माणूस. माल आत गेल्याची नोंद आहे, बाहेर आल्याची नाही, असं स्टॉक रजिस्टर कुठला ऑडिटर मान्य करेल?

हाच प्रश्न अमेरिकेत मिशिगन सरोवरावर पडला होता. हे सरोवर मिशिगन, विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि इंडियाना या चार राज्यांचं. १९६०च्या दशकात तिथे एल्वाइफ नावाची बाहेरून आलेली छोटी मासळी बेसुमार वाढली. तिला खाण्यासाठी १९६६ला कोहो आणि १९६७ला चिनूक हे सॅल्मन जातीचे मासे सोडले. पुढे त्यांच्यावर हौशी मासेमारीचा मोठा धंदा उभा राहिला. दरवर्षी प्रत्येक राज्य आपल्या केंद्रातली पिल्लं सोडायचं. पण पाण्यात हद्दीची रेघ नसते. पैसा एकाचा, मासा पकडणारा दुसऱ्याचा. त्यातच काही सॅल्मन नद्यांत आपोआप वाढत होते, ते वेगळेच.

हा हिशेब लागावा म्हणून २०१०पासून केंद्र सरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने मोठ्या प्रमाणावर खुणा करणं सुरू केलं. सॅल्मनच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. तो कापला की पुन्हा येत नाही. मासा केंद्रातला आहे, हे नुसत्या नजरेला कळतं. शिवाय नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीची तार टोचतात. तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो एकेका माशाचा नव्हे, तर अख्ख्या खेपेचा, म्हणजे बॅच नंबरसारखा. ट्रेलरमध्ये बसवलेली यंत्रं हे काम तासाला हजारो पिल्लांवर करतात. मासा पकडला गेला की डोकं प्रयोगशाळेत जातं, तार काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. अर्थात, मासा मेल्याशिवाय पावती मिळत नाही!

निष्कर्ष बघा. मिशिगन सरोवरातले निम्म्याहून जास्त चिनूक कुणी सोडलेलेच नव्हते, निसर्गात जन्मलेले होते. शेजारच्या ह्युरॉन सरोवरातली एल्वाइफ २००४च्या सुमारास संपली होती. तिथे सोडलेले मासे पोट भरायला मिशिगनमध्ये येत होते. म्हणजे ताट एकच आणि जेवणारे कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त! इकडे एल्वाइफही कमी होत चालली होती. २०१३ला तिथे सोडायच्या चिनूकची संख्या सुमारे ३३ लाखांवरून १७ लाखांवर आणली गेली. सरोवर जगवायचं तर मासे कमी सोडा, हे बोट चालवणाऱ्यांच्या गळी उतरवायला आकडे लागतात. ते या खुणांनी जमवले.

मग कायदा कशाला? तर हा कार्यक्रम वर्षाच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर चालतो. खुणेचा मासा परत मिळायला दोन-चार वर्षं जातात. मध्येच एका वर्षी पैसा आटला तर त्या खेपेचं पान कोरंच राहतं, ते मागाहून भरता येत नाही. म्हणून कार्यक्रमाला कायद्याचा आधार द्यावा आणि माहिती राज्यं व आदिवासी समाजांच्या मत्स्य विभागांना मिळावी, अशी विधेयकं तिथल्या संसदेत एकाहून अधिक वेळा मांडली गेली. मला वाटतं, मागणी रास्त आहे. पश्चिमेकडच्या वॉशिंग्टन राज्याने तर १९९५मध्येच केंद्रातल्या कोहोला खूण करण्याचा कायदा केला. तिथला हेतू वेगळा: पर कापलेला असेल तर घरी न्या, शाबूत असेल तर जंगली समजून सोडून द्या.

आपल्याकडे मासेमारी हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. घटप्रभा महाराष्ट्रात उगम पावून बेळगावच्या हिडकल जलाशयात येते; तिळारीचं धरण दोडामार्गात, पाणी गोव्यालाही. मासा मात्र राज्य विचारत नाही. अमेरिकेची युक्ती उचलून इथे आणावी म्हटलं, तर पहिली अडचण साधी आहे. रोहू, कटला, मृगळ यांच्या पाठीवर तो कापायचा पर मुळी नसतोच. दुसरी खूण शोधावी लागेल. निदान तोवर, सोडलेल्या बोटुकल्यांच्या आकड्याशेजारी त्याच जलाशयातून वर्षभरात निघालेल्या मासळीचं वजन लिहायला तरी कुणाची हरकत नसावी. यंदाच्या बातमीसाठी मी तो आकडा मागणार आहे.