पडद्यावरून गच्चीवर

अवकाशावरच्या चकाचक व्हिडिओंना इंटरनेटवर तोटा नाही, पण नुसते बघून मुलांच्या हाती फारसे लागत नाही. जे साधन मुलाला काहीतरी करायला लावते, तेच खरे.

त्यात पहिला मान ‘स्टेलेरियम’चा. हे मोफत तारांगण ब्राउझरमध्येही उघडते. आपले गाव निवडले की तिथले त्या क्षणीचे आकाश समोर येते. मग वेळ पुढेमागे सरकवायची: चंद्राच्या कला, शुक्राचे उगवणे-मावळणे, जुनी ग्रहणे, सगळे मिनिटभरात. मृग नक्षत्र आधी इथे शोधावे आणि थंडीच्या रात्री लगेच गच्ची गाठावी.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या गावावरून कधी दिसेल, हे ‘नासा’चे ‘स्पॉट द स्टेशन’ सांगते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते साधारण ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा घालते. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे ते दुर्बिणीशिवाय दिसते. ‘नासा’च्याच ‘स्पेस प्लेस’वर लहानग्यांसाठी खेळ आहेत, मजकूर इंग्रजी, म्हणून आईबाबांना शेजारी बसावे लागते. (तेही बरेच!)

मोठ्या मुलांना ‘गॅलेक्सी झू’ दाखवा. २००७ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात दीर्घिकांची खरी छायाचित्रे पाहून कोणीही त्यांचे आकार नोंदवू शकते. हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला त्याच वर्षी त्यात एक विचित्र, चमकता वायुमेघ सापडला. तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो.

मराठीतून वाचायचे असेल, तर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची मराठी पुस्तके विनामूल्य मिळतात.