कन्या राशीची माणसं खरंच चिकित्सक असतात का? कन्यागताची रासही हीच!

महाबळेश्वर : क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्रीचं पाणी बारमाही असतं. भागीरथी मात्र १२ वर्षांनी येते, अशी श्रद्धा आहे. गुरू कन्या राशीत गेला की कृष्णाकाठी कन्यागत सुरू होतं. मागचं २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये आहे. गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षं लागतात, म्हणून हा हिशेब.

तर ही कन्या रास कशी? जुन्या ग्रंथांत तिचं चित्र आहे ते नावेत बसलेल्या मुलीचं, हातात धान्य आणि अग्नी. राशीचा स्वामी बुध, तत्त्व पृथ्वी. त्यावरून ज्योतिषी सांगतात की ही माणसं हिशेबी, नीटनेटकी, बोलण्यात हुशार असतात; पण खोट काढण्यात पटाईत आणि उगाच काळजी करणारी. आता स्ट्रॉबेरीची प्रतवारी करायला बसलं की कुठल्याही राशीचा माणूस चिकित्सक होतो, ही गोष्ट वेगळी.

आपली रास कुठली, यात मात्र बराच घोळ होतो. मोबाईलवर २३ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर जन्म म्हणजे कन्या, असं येतं. ती पाश्चात्य पद्धतीची सूर्यरास. आपल्याकडे पत्रिकेत रास म्हणजे जन्मावेळी चंद्र जिथे होता ती. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवसच थांबतो, त्यामुळे एकाच महिन्यात जन्मलेल्या दोघांची रास निराळी निघू शकते. हाक मारायच्या नावावरूनही रास ठरत नाही. कन्येची अक्षरं टो, पा, पी, पू, ष, ण, ठ, पे, पो. ‘ण’वरून नाव कुठून आणायचं? म्हणून घरोघरी पत्रिकेतलं नाव एक आणि शाळेतलं दुसरंच.

हे सगळं गमतीपुरतं असतं तोवर ठीक. लग्न जमवताना ते अंगाशी येतं. कन्येचं मेष आणि कुंभेशी षडाष्टक धरतात. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, घरं तोलामोलाची, तरी तेवढ्यावरून स्थळ परत जातं.

पत्रिकेवरून माणूस ओळखता येतो का, याची तपासणी २००८ मध्ये पुण्यात झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्यासोबत त्यात साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि मूल कुठल्या गटातलं, एवढंच विचारलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती.