स्वॅब स्वच्छ, तरी घोडी रिकामी

अंगाने भरलेली, ताप नाही, चाऱ्याची तक्रार नाही, दर तीन आठवड्यांनी नेमाने माजावर येणारी घोडी. पण फळवली की दर वेळी उलटते. अशी घोडी समोर आली की पशुवैद्याचा पहिला संशय गर्भाशयाच्या अस्तराला आलेल्या सुजेवर, म्हणजे एंडोमेट्रायटिसवर जातो. बाहेरून पू किंवा स्राव दिसेलच असे नाही. बहुतेकदा दिसत नाहीच.

उशीर परवडत नाही. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते, वर्षाला एकच शिंगरू देते. त्यात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय आपल्याकडे १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे हंगामात उशिरा जन्मलेले शिंगरू त्याच वर्षीच्या इतरांपुढे लहान पडते. एक माज वाया गेला की २१ दिवस गेले.

निदानातली खरी अडचण वेगळीच आहे. फळवल्यानंतर प्रत्येक घोडीच्या गर्भाशयाला सूज येते, आणि ती यावीच लागते. नराचे वीर्य थेट गर्भाशयात पडते. शुक्रजंतू शरीराला परकेच. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि गर्भाशय आकुंचन पावून सारा गाळ बाहेर ढकलते. निरोगी घोडीत हे दोन दिवसांत आटोपते. वय झालेल्या, बरीच शिंगरे दिलेल्या घोडीचे गर्भाशय मात्र खाली लोंबते, आकुंचने मंदावतात, द्रव साचून राहतो. पाच-सहा दिवसांनी गर्भ तिथे उतरतो, तेव्हा त्याला रुजायला जागा धड नसते. म्हणून प्रश्न सूज आहे का हा नसतो. ती ओसरली का, हा असतो.

याचे उत्तर आधी सोनोग्राफी देते. गुदाशयातून प्रोब घालून पाहिले की साचलेला द्रव पडद्यावर काळा दिसतो. माजाच्या काळात त्याची खोली दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर संशय बळावतो. कोणता जंतू, हे मात्र सोनोग्राफी सांगत नाही.

त्यासाठी स्वॅब. करोनाने हा शब्द घरोघरी पोचवला, पण घोडीचा स्वॅब नाकातल्याइतका सोपा नाही. बाहेरचे जंतू लागू नयेत म्हणून तो दुहेरी आवरणातून आत न्यावा लागतो, आणि तिथेही तो अस्तराच्या जेमतेम एका कोपऱ्याला टेकतो. कल्चरसोबत काचपट्टीवर पांढऱ्या पेशी पाहतात, ते यासाठीच. जंतू वाढले पण पेशी नाहीत, तर बाहेरची घाण मिसळली असावी, असा ढोबळ नियम. स्ट्रेप्टोकोकस या नेहमीच्या जंतूला तो बऱ्यापैकी लागू पडतो, ई. कोलाय मात्र तो मोडतो. हा जंतू कित्येकदा ना द्रव साचवतो, ना पेशी गोळा करतो. स्वॅब स्वच्छ येतो, घोडी रिकामीच राहते.

अशा वेळी गर्भाशयात साधारण ६० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन सोडतात, गुदाशयातून हाताने ते सगळीकडे खेळवतात आणि परत काढून घेतात. खाली बसलेल्या गाळाची तपासणी होते. स्वॅबच्या एका टोकाऐवजी जवळपास सारे अस्तर धुऊन निघालेले असते, त्यामुळे लपलेला जंतू हाती लागण्याची शक्यता वाढते. काम वेळखाऊ आहे, पण चार माज वाया घालवण्यापेक्षा स्वस्त.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर बायोप्सी. अस्तराचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ग्रंथींभोवती तंतू किती माजले आहेत, ते कळते. जंतू औषधाने जातात, हे तंतू जात नाहीत. केनी आणि डॉइग यांच्या वर्गवारीत शेवटच्या वर्गात मोडलेल्या घोडीला शिंगरू होण्याची शक्यता जेमतेम दहा टक्के धरतात. तिच्यावर आणखी एक हंगाम खर्च करायचा की तिला मोकळी सोडायची, हे मालकाला या कागदावरूनच ठरवावे लागते.