धावणारी मोटार थांबते कशी?

समजा, ‘मॉडेल टी’ ही जुनी फोर्ड गाडी कुणी तुमच्या स्वाधीन केली. मोटार चालवण्याची तुम्हांला कितीही सवय असो, वेग वाढवावा म्हणून तुम्ही उजवा पाय दाबाल आणि गाडी थांबू लागेल! कारण या गाडीचे उजवे पेडल ब्रेकचे. मधले गाडी मागे नेण्याचे, डावे गिअरचे. वेग वाढवायचा तो स्टिअरिंगच्या चाकाखालच्या दांडीने.

अमेरिकेत १९०८ ते १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. इंजिन २० अश्वशक्तीचे, वेग ताशी ४०-४५ मैल. आता तिच्या शेजारी इंग्लंडची ‘जॅग्वार ई-टाइप’ उभी करा. ही १९६१ सालची. २६५ अश्वशक्ती आणि ताशी १५० मैलांच्या आसपास वेग!

आकडे ऐकले की आपण म्हणतो, वा, काय पळते! पण एवढी पळणारी गाडी थांबवायची कशी, हे कुणी विचारतं का?

हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगचा जोर चौपट होतो. चाळिसाचे दीडशे मैल झाले म्हणजे तो सुमारे १४ पट झाला. त्यातून जॅग्वारचे वजनही जास्त. हा सगळा जोर ब्रेकला घर्षणाने जिरवावा लागतो. त्याची उष्णता होते.

मॉडेल टीच्या पायब्रेकचा पट्टा गिअरपेटीत, तेलात काम करणारा. त्याचा परिणाम फक्त मागच्या चाकांवर. पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. वास्तविक गाडी थांबताना भार पुढे झुकतो, म्हणून पुढचेच ब्रेक अधिक कामाचे. ई-टाइपच्या चारही चाकांना लोखंडी तबकड्या असतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी त्यांना चिमटा बसतो. तबकडी उघडी, त्यामुळे वाऱ्याने निवते. असेच ब्रेक लावून जॅग्वारने १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. वळणाजवळ उशिरा ब्रेक लावता येतो, म्हणून एरवी वेगात राहता येते.

तेव्हा जुन्या गाडीला हसू नका. तिचा वेग तिच्या ब्रेकला साजेसा होता. आणि तुमची गाडी कोणतीही असो, एवढे ध्यानात ठेवा: वेग दुप्पट केलात, तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट रस्ता लागतो. तेवढा रस्ता पुढे मोकळा आहे ना, ते आधी बघा.