विषाच्या शेजारीं राहणाऱ्यांची सावधगिरी

शत्रूसाठीं निर्माण केलेलें विष स्वजनांच्याच उशाशीं येऊन बसावें, असा प्रकार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक दशकें चालला होता. आलाबामांतील ॲनिस्टन शहराजवळच्या लष्करी कोठारांत सारिन, व्हीएक्स व मस्टर्ड या विषारी द्रव्यांनीं भरलेले अग्निबाण व तोफगोळे सांठविलेले होते. देशाच्या मुख्य भूमीवर अशीं एकंदर आठ ठिकाणें होतीं. तेथील रहिवाशांच्या रक्षणार्थ १९८८ सालीं सरकारनें एक विशेष योजना आरंभिली. तिचें मर्म काय, तें आपण पाहूं.

भोंगा वाजतांच पळत सुटणें ही मनुष्याची स्वाभाविक वृत्ति होय. परंतु विषारी ढग वाऱ्याबरोबर येत असल्यामुळें पळणारा कधीं कधीं नेमका त्याच्याच तोंडीं सांपडतो. म्हणून कोणीं गांव सोडावें व कोणीं घरांतच राहावें, हें वाऱ्याची दिशा व कोठारापासूनचें अंतर पाहून ठरवावयाचें असे. घरांत राहणाऱ्यानें दारें-खिडक्या लावाव्या, पंखे बंद करावे, आंतल्या खोलींत जावें व फटींवर प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीनें बसवावा.

पण येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कोणतीहि खोली पूर्णपणें बंद होत नाहीं. थोडा वायु आंत झिरपतोच. ढग निघून गेला म्हणजे बाहेरची हवा शुद्ध होते, आंतलीच दूषित राहते. अशा वेळीं आंतच बसून राहिल्यास ज्या खोलीनें तारिलें तीच मारील. सबब सूचना मिळतांच दारें उघडून बाहेर येणें, हें आंत जाण्याइतकेंच आवश्यक आहे.

ॲनिस्टनच्या आसपासच्या कित्येक शाळांत गाळलेली हवा यंत्रानें आंत सोडून तिचा दाब बाहेरच्यापेक्षां किंचित् अधिक ठेवण्याची सोय केली होती. त्यामुळें फटींतून हवा बाहेर जाई, विष आंत येत नसे. तेथील अस्त्रें जाळण्याचें काम २००३ सालीं सुरू होऊन २०११ सालीं संपलें. आणि जुलै २०२३ मध्यें केंटकी संस्थानांत राष्ट्राच्या जाहीर सांठ्यांतील अखेरचें अस्त्र नष्ट झालें.

याच्या उलट, डिसेंबर १९८४ मध्यें भोपाळ येथें कारखान्यांतील विषारी वायु रात्रीं वस्तींत पसरला, तेव्हां काय करावें हें लोकांस ठाऊकच नव्हतें. सहस्रावधि जीव गेले. त्यानंतर १९८६ सालीं अमेरिकेनें कायदा करून, शेजारीं कोणतीं घातक द्रव्यें सांठविलीं आहेत हें जाणण्याचा हक्क नागरिकांस दिला.

आपल्याकडे तारापूर, लोटे येथेंहि रासायनिक कारखान्यांजवळ वस्ती आहे. शेजारीं काय सांठविलें आहे, भोंग्याचा अर्थ काय, वारा कोणीकडून वाहतो, हे तीन प्रश्न तेथील प्रत्येक विद्यार्थ्यानें आजच विचारून ठेवावे, असें आम्हांस वाटतें. संकटाच्या घटकेस शिकावयास अवकाश नसतो. पूर्वीं शिकलेलेंच तेव्हां कामीं येतें.